पावसाच्या आधी वॅगन आरचं काय करायचं ते

पुणे, 8 मार्च 2026

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपली वॅगन आर यंदा जुलैत पंधरा वर्षांची होते, म्हणून ती काढून टाका, असं शेजारीपाजारी आणि पाहुणे सगळेच सांगताहेत म्हणे. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच कळवते. विकू नका. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे जे मोबाईलवर फिरतंय ते प्रकरण दिल्लीकडचं आहे. खानापूर-बेळगावला ते लागू नाही. आपल्याकडे नोंदणीचं नूतनीकरण केलं की पुढची पाच वर्षं गाडी रीतसर चालवता येते.

आणि इंजिनाला काही झालेलं नाही. बासष्ट हजार किलोमीटर म्हणजे या इंजिनाचं अर्धं आयुष्यसुद्धा नव्हे. 998 सीसीचं, तीन सिलिंडरचं हे के10बी इंजिन 2010 च्या मॉडेलपासून आलं आणि त्याला टायमिंगची चेन आहे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करवणारी साखळी. त्याआधीच्या चार सिलिंडरच्या वॅगन आरला बेल्ट होता, तो ठरावीक अंतराला बदलावा लागायचा. त्यामुळे कोणी "टायमिंग बेल्ट बदलूया" म्हणाला तर त्याला तिथंच थांबवा. बाहेरून दिसतो तो अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा पट्टा. त्याला चिरा पडल्या असतील तर तेवढा बदलायचा.

चेन मात्र ऑइलवर जगते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबानेच काम करतो. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद खडखड झाली तर चालेल, पण ती लांबायला लागली की आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघायची. तुमचं रनिंग वर्षाला चार-पाच हजारांच्या पुढं नाही, म्हणून दहा हजार किलोमीटरची वाट न बघता वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायचा. ऑइल 5 डब्ल्यू 30 या पातळ ग्रेडचंच. "जुनं इंजिन आहे, जाड ऑइल घालूया" असं मेस्त्री प्रेमानं म्हणतात, पण जाड ऑइल थंडीत चेनपर्यंत उशिरा पोचतं.

म्हातारं झालंय ते रबर. गाडी किती पळाली यापेक्षा किती वर्षं ऊन-पाऊस खाल्ला, त्यावर रबराचं वय ठरतं. यंदा जो खर्च करायचाय तो इथं करायचा.

पहिला नंबर रेडिएटरच्या होजचा, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या रबरी पाईपांचा. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि वरचा जाड पाईप चिमटीत धरून दाबा. चांगला पाईप दबतो आणि लगेच परत येतो. लाकडासारखा कडक लागला, दाबताना आतून करकर आवाज आला, किंवा क्लिपच्या मागं तो फुगीर झाला असेल, तर त्याचे दिवस भरले. खालचा पाईप दिसत नाही म्हणून तसाच राहतो. दोन्ही एकदमच बदला, क्लिपाही नव्या घाला. रेडिएटरचं झाकणही बदला. त्यातली स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला हिरवट-पांढरा डाग असेल तर तिथून पाझर आहे. एम-सील लावून ते फार दिवस निभत नाही.

कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तयार मिळतं ते घाला, नाहीतर निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. आई, बोअरचं पाणी बाटलीत भरून ठेवायची तुझी सवय घरच्या झाडांना ठीक आहे, रेडिएटरला नाही. क्षारांचा थर बसून बारीक नळ्या बंद होतात. या इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. तापलेली गाडी "गाव आलंच की" म्हणून चार किलोमीटर रेटली, तर दोनशे-चारशेच्या पाईपापायी हेड वाकतं आणि मग सगळं इंजिन उघडावं लागतं. तापमानाचा लाल इशारा आला की जिथं असाल तिथं कडेला थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. बाकी आवाज-बिवाज घरी येईपर्यंत थांबतात, हे एवढंच थांबत नाही.

दुसरा नंबर पुढच्या चाकांमागच्या ड्राइव्ह शाफ्टच्या बुटांचा. चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण म्हणजे बूट. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकाच्या आत टॉर्च मारा. हार्मोनियमच्या भात्यासारखं घड्यांचं काळं रबर दिसेल. घडीच्या तळाशी चीर असली तर आसपास काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतात. त्या चिरेतून खानापूरचा तांबडा चिखल आत गेला की एका पावसाळ्यात जॉइंट खलास. मग गाडी वळवताना कट-कट-कट ऐकू येतं आणि तेव्हा नुसता बूट बदलून भागत नाही. आत्ता बूट, ग्रीस आणि क्लिपा एवढ्यावर सुटतं.

खड्ड्यातला आवाज कशाचा, हे मेस्त्रीला सांगताना नीट फोडून सांगा. बारीक खडीवर हळू जाताना टकटक असेल तर बहुतेक सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश (रबरी गोटे). मोठ्या खड्ड्यात धप्प बसत असेल तर शॉकअपचं माउंटिंग किंवा लोअर आर्मचा बुश. "आवाज येतोय" एवढंच सांगितलं तर सगळं सस्पेन्शन खोलून मोठं बिल हातात येतं. उभ्या गाडीत एसी लावल्यावर सीटपर्यंत थरथर येते, ती तीन सिलिंडरची थोडी असायचीच. वाढली असेल तर इंजिनाचं माउंटिंग. चढाला झटके देत असेल तर प्लग नाहीतर कॉइल.

ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं, ते सर्व्हिसच्या वहीत मला सापडलं नाही. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडच्या पावसात जास्तच. ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि चोर्ला घाट उतरताना पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदलायचंच. त्याच वेळी मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर (ब्रेकचे शू दाबणारा भाग) पाझरतोय का ते बघून घ्या. पावसात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे शू ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागं दगड लावा.

टायरचं नक्षीकाम चांगलं दिसतंय, मान्य. पण बाजूला अंडाकार चौकटीत चार आकडे आहेत ते वाचा. 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा-सात वर्षांचं रबर पावसाळी रस्त्याला धरत नाही, नक्षी कितीही असो. त्यात या गाडीला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला की चाकं अडकून गाडी घसरू शकते.

बाजारापुरती दोन किलोमीटर नेऊन परत लावल्यानं बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा बेळगावला जाऊन या, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, तेवढं पुरे. बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत 14 च्या जवळपास दाखवली पाहिजे. बंद गाडीतली कमी आणि चालू गाडीतली बरोबर असेल, तर अल्टरनेटर ठीक आहे, बॅटरी दमलीय. पेट्रोलही टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. पेट्रोलचा वास आला तर रबरी पाईप त्याच दिवशी दाखवा.

पुढच्या काचेखालच्या जाळीत फणसाची पानं साचतात. पाणी वाहून जायची वाट बुजली की ते पायाशी उतरतं. दारांच्या खालच्या कडेची भोकं टाचणीनं मोकळी करा. दार आतून गंजतं ते तिथूनच. गंजावर काळं कोटिंग मारू देऊ नका. आधी खरवडून, प्रायमर लावून, वाळवून मग कोटिंग.

उंदरांसाठी बॉनेटमध्ये निपाणीच्या तंबाखूची पानं ठेवताय, ठेवा. पण वास गेला की उंदीर परत येतात. एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावली तर निदान तिथं घरटं होणार नाही. वायरी मात्र दर पंधरा दिवसांनी डोळ्यांखालून घालायच्या.

आता कागद. नोंदणी जुलैत संपते. मुदतीआधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म 25, भरता येतो, म्हणजे मे महिन्यात. 2022 च्या एप्रिलपासून मोटारीची नूतनीकरणाची फी पाच हजार झालीय, शिवाय हरित कर वगैरे वेगळं. मी इथून ऑनलाइन भरते. उशीर झाला तर महिन्याला पाचशे वाढत जातात. विमा आणि पीयूसी चालू हवेत, नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलेली हवी. तपासणीला गाडी घेऊन बेळगावच्या आरटीओत जावं लागेल. त्याआधी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चासी नंबरवरची माती केरोसीनच्या फडक्यानं पुसा आणि नंबर स्वच्छ वाचता येतोय का बघा. गंजून पुसट झाला असेल तर मला आधी सांगा. दिवे, हॉर्न, वायपर सगळं चालू पाहिजे.

क्रम असा धरा, बाबा: होज आणि कुलंट, ब्रेकचं तेल, बूट, टायर. सस्पेन्शन नंतर. सीट कव्हर आणि पॉलिश यंदा नाही.

एक मात्र ऐका. गाडी भरवशाची आहे, पण तिला एअरबॅग नाहीत. बेळगाव, नंदगड, फार तर आंबोली, तेही उजेडात. हायवेनं पुण्याला तिच्यातून येऊ नका. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावला थांबते. तुमची तिकिटं मी काढते. कुठला आठवडा सोयीचा ते कळवा.

तुमची,
लेक