सांगणारा कुठे उभा आहे?

औसा, जि. लातूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. उताऱ्यात कुठेही 'मी' दिसला की नववीची मुले 'प्रथमपुरुषी निवेदन' असे लिहून मोकळी होतात, ही तुझी तक्रार माझ्याही वर्गाला लागू आहे. बहुतेक वेळा तो 'मी' अवतरणचिन्हांच्या आत, एखाद्या पात्राच्या तोंडी असतो. म्हणून मी आधी सगळे संवाद पेन्सिलीने चौकटीत टाकायला लावतो आणि उरलेला मजकूर कोण सांगत आहे, ते विचारतो. एवढ्याने बरीचशी गफलत मिटते. पण खरे शिकवणे त्यानंतरचे, कारण सर्वनाम सापडले म्हणजे दृष्टिकोन सापडला असे होत नाही. सांगणारा कुठे उभा आहे आणि तिथून त्याला काय काय कळू शकते, हे विचारण्याची मुलांना सवय लागली पाहिजे. गाइडांमधल्या 'मी-तू-तो' अशा तीन रकान्यांच्या तक्त्याने ती लागत नाही, उलट मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी उदाहरण घेतो ते एप्रिल २०१६ च्या दुष्काळातल्या पाण्याच्या रेल्वेचे. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी मिरजेहून लातूरला आली, तेव्हा ही मुले अगदी लहान होती. तरी घरोघरी ऐकलेल्या हकिकतींमुळे प्रसंग त्यांच्या ओळखीचा असतो. फळ्यावर मी दोन वाक्ये लिहितो : 'पाण्याची गाडी लातूरला आली' आणि 'पाण्याची गाडी लातूरला गेली'. दोन्ही तृतीयपुरुषी, 'मी' कुठेच नाही. पण पहिले वाक्य लातूरकराचे आणि दुसरे मिरजेच्या फलाटावरून हात हलवणाऱ्याचे, हे मागच्या बाकावरूनही ओरडून सांगितले जाते.

मग पुढची पायरी. 'आज तरी नंबर लागेल, असे रांगेतल्या बाईला वाटले. ही गर्दी आपल्याला आवरणार नाही, असे टँकरवाल्याला वाटले.' दोघांच्याही मनात शिरतो तो सर्वज्ञ निवेदक. टँकरवाल्याचे मन पुसून टाकले की निवेदन त्या बाईपुरते मर्यादित होते. 'वाटले'च्या जागी 'वाटले असावे' केले की सांगणारा थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, कारण आता तो केवळ चेहऱ्यावरून अंदाज बांधतो आहे. आणि 'रांगेतल्या बाईला' ऐवजी 'रांगेतल्या आईला' लिहिले, तर तृतीयपुरुष तसाच राहूनही आपण एखाद्या लेकराच्या डोळ्यांनी पाहू लागतो. या शेवटच्या बदलावर मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो, आणि तूही रेंगाळावेस.

लेखक आणि निवेदक एकच, हा समज मात्र फार चिवट आहे. त्यावर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' पुरेशी ठरते : लिहिणारे हरिभाऊ, पण सांगणारी यमू, आणि तीही स्वतःची कहाणी 'मी' म्हणून सांगणारी. वर्गात कादंबरी वाचायची गरज नाही. एवढी माहिती दिली तरी मुले चमकतात.

शेवटी लेखन. तोच प्रसंग रेल्वेच्या चालकाच्या तोंडून लिहा, असे सांगितले, तेव्हा एका मुलीने त्याच्या निवेदनात लातुरातल्या एका घरात भांडी राखेने कशी घासली जात होती, तेही घातले. वर्णन झकास होते, पण वाचून होताच शेजारचा मुलगा म्हणाला, "ओ सर, ह्याला इंजिनात बसून कसं कळलं?" तिने तो भाग न खोडता चालकाला स्टेशनाबाहेर चहाला उतरवले आणि तिथल्या बायकांचे बोलणे त्याच्या कानावर घातले. मला ही दुरुस्ती मूळ लेखनापेक्षा अधिक मोलाची वाटली, आणि गुणही मी दुरुस्तीलाच दिले.

तुमच्या परभणीकडचा एखादा प्रसंग घेऊन हे करून पाहा, आणि मुलांचे जे उतारे फसतील, तेच मला आधी पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित