न बदललेल्या पार्टबद्दलही आभार

आदरणीय मिस्त्रीकाका यांस,

स. न. वि. वि.

माझ्या २००८ सालच्या स्विफ्टचे पुढचे सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा, तुम्ही नीट करून दिलेत आणि त्याचे पैसे मी तिथल्या तिथे चुकते केले. परंतु कोणता पार्ट बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा हे ठरवण्यासाठी तुम्ही जो वेळ दिलात, तो बिलात कुठेच लागलेला नव्हता. ते ऋण उघडपणे मान्य करावे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागात जुनी गाडी बाळगून असलेल्या माझ्यासारख्या इतरांनाही तुमची पद्धत कळावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. तुमचे नाव मात्र तुम्हीच बजावल्यामुळे लिहिलेले नाही.

तुमच्याकडे येण्यापूर्वी एका मोठ्या वर्कशॉपने मला एस्टिमेट दिले होते. त्यात चारही शॉकअब्सॉर्बर, चारही स्प्रिंगा, दोन्ही लोअर आर्म (पुढच्या चाकांना सांगाड्याशी जोडणारे खालचे हात), लिंक रॉड, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे), शॉकअब्सॉर्बरची वरची माउंटिंग, मागच्या बीमचे (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळकांडी, असे सस्पेन्शनमधले जवळजवळ सगळेच होते, आणि हे सगळे गाडी जॅकवर न घेता, केवळ मॉडेलचे वर्ष व किलोमीटरचा आकडा पाहून लिहिलेले होते. तुम्ही तो कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलात, घडी घालून मला परत दिलात आणि पार्टविषयी एक शब्दही न काढता विचारलेत, "गाडी अजून किती वर्षं ठेवणार?" पंधरा वर्षे पुरी झाल्यावर आरसीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले असल्याने निदान ती मुदत संपेपर्यंत तरी ठेवणार, असे मी सांगितले. मग ती कोणत्या रस्त्याने जास्त फिरते हे विचारलेत. लेक गोव्यात असल्याने जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा रस्ता पावसाळ्यातही चुकत नाही, हे ऐकल्यावर तुमचा निवाडा एका वाक्यात झाला : "मग पुढं हात राखायचा नाही, आणि मागं घाई करायची नाही." इंजिनाचे वजन पुढे असते, ब्रेक मारताना भारही पुढेच येतो, आणि मागे एकच बीम, दोन स्प्रिंगा व दोन शॉकअब्सॉर्बर असल्यामुळे तिथे झिजण्यासारखे मुळातच कमी असते, हे कारणही तुम्ही जोडलेत.

सर्वात आधी तुम्ही टायर पाहिलेत, याचे मला नवल वाटले होते. हवा गरजेपेक्षा जास्त भरलेली निघाली. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे, ज्यातले पहिले दोन बनावटीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, तेही तुम्ही वाचून दाखवलेत. रबर जुने होऊन कडक झालेले असेल किंवा हवा जास्त असेल तर नवे शॉकअब्सॉर्बर घालूनही गाडी आदळतच राहते, आणि गिऱ्हाईक मिस्त्रीला शिव्या देते, असे तुम्ही हसत म्हणालात.

त्यानंतर तुम्ही माझ्या शेजारी बसून बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटाच्या बाजूला एक फेरी मारायला लावलीत. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाके एकदम चढली तेव्हा गाडी गप्प होती. एकच चाक खड्ड्यात गेले की मात्र पुढून खडखड ऐकू येई. दोन्ही चाके सारखी वर गेली तर स्टॅबिलायझरचा, म्हणजे गाडीचा कल रोखणारा, आडवा दांडा नुसता फिरतो आणि त्याला दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या लिंक रॉडवर ताण येत नाही, एकच चाक उचलले गेले तर तो दांडा पिळला जातो आणि ढिल्या लिंकचा आवाज होतो, हे तुम्ही मला चालत्या गाडीतच समजावलेत. परत आल्यावर दोन्ही लिंक सोडून ठेवून हळूहळू पुन्हा फिरवायला सांगितलेत, तर खडखड गेली; ब्रेक दाबताना होणारा एक जड 'धप्प' मात्र राहिला. एका आवाजाचा हिशेब लागला आणि दुसरा वेगळा निघाला. मोठ्या वर्कशॉपच्या यादीत हे दोन्ही आवाज करणारे पार्ट होतेच, हे खरे. पण कशासाठी होते हे त्यांना सांगता आले नसते.

जॅकवरची तपासणी मी आजवर एवढ्या जवळून कधी पाहिली नव्हती. तुम्ही चाकाला वर आणि खाली धरून हलवलेत, थोडी हालचाल जाणवली, तसे हाताखालच्या पोराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवलेत. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली असती तर व्हील बेअरिंग गेले असे समजायचे. ती थांबली नाही, म्हणून बेअरिंगवरचा संशय मिटला. मग डावीउजवीकडे धरून हलवलेत, तिथे काहीच लागले नाही, म्हणून टाय रॉड एंडही वाचले. शेवटी लोअर आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबलीत आणि टॉर्च माझ्या हातात दिलात. आर्मच्या मागच्या बुशाचे रबर भेगाळलेल्या टाचेसारखे झाले होते आणि टॉमीच्या प्रत्येक दाबाबरोबर भेग उघडत होती. आर्म आणि चाक यांना जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याचे, म्हणजे बॉल जॉइंटचे, रबरी टोपण फाटून आत लाल चिखल गेला होता.

बुश प्रेसवर काढून नवे बसवले असते तर स्वस्तात झाले असते, आणि मी ते विचारलेही. तेव्हा तुम्ही जे सांगितलेत ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने ऐकायला हवे. लिंक रॉड गेला तर आवाज येतो, शॉकअब्सॉर्बर गेला तर गाडी डुलते आणि ब्रेकला अंतर जास्त लागते, पण बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेर मोडून पडते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी तिथे लावायचे, आवाजाच्या मागे नंतर लागायचे. आर्म अख्खा घेतला की बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही नवे मिळतात, यासाठी दोन्ही बाजूंचे आर्म घ्यायचे ठरले.

शॉकअब्सॉर्बरचा निर्णय याहून बारीक होता. डावा तेलाने ओला होऊन त्यावर धुळीचा थर बसला होता, उजवा जवळजवळ कोरडा होता. नुसता तेलाचा पुसट ओलसरपणा असेल तर घाबरायचे कारण नाही, ओघळ असेल तर तो गेला, असे सांगून तुम्ही पुढची जोडी बदलायला लावलीत, कारण एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला असेल तर वळणावर गाडी दोन तऱ्हेने वागते. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसह शॉकअब्सॉर्बरचा अख्खा जोड, एकदा खाली उतरवला की वरचे माउंटिंग, त्यातले बेअरिंग, बंप स्टॉप (टोकाचा धक्का झेलणारे रबर) आणि दांड्यावरचे रबरी आवरण यांची मजुरी वेगळी पडत नाही, नंतर तेच काम करायचे म्हटले तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते, म्हणून ही सामग्री जुनी ठीक दिसत असूनही बदललीत. स्प्रिंगांना मात्र हात लावला नाहीत. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मापलेत, माप सारखे आले, वेटोळे कुठे तुटलेले नव्हते. "लोखंडाला वय विचारायचं नाही, माप विचारायचं," असे तुमचे म्हणणे पडले. एका मित्राने सुचवलेले, रबराऐवजी पॉलियुरेथेन या कडक प्लॅस्टिकचे बुशही तुम्ही नाकारलेत. ते टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला आणि कानाला कळतो, आणि घरच्या गाडीला तो सोस कशाला, हे मला पटले.

एक गोष्ट मी न विचारता घडली आणि तिच्यासाठी माझे विशेष आभार. नवे आर्म बसवल्यावर गाडी जॅकवरच असताना पोरगा बोल्ट पूर्ण आवळू लागला, तेव्हा तुम्ही त्याला कन्नडमध्ये असे दटावलेत की शेजारच्या दुकानातला माणूसही वळून पाहू लागला. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवे असूनही लवकर फाटते. गाडी जमिनीवर आणून, तिचे वजन चाकांवर पडल्यानंतरच तुम्ही शेवटचा पाना फिरवलात. हे बिलात दिसत नाही, आणि केले नसते तरी मला निदान वर्षभर कळले नसते. व्हील अलाइनमेंटही तुम्ही सर्वात शेवटी करायला पाठवलेत. आर्ममध्ये ढिलाई असताना ते करणे म्हणजे पैसे वाया, हे तुम्ही अलाइनमेंटवाल्यासमोरच बोललात आणि तोही हसला.

सामान माझ्यासमोर खोक्यातून काढलेत, दुकानाचे बिल माझ्या नावाने घ्यायला लावलेत, जुने पार्ट पोत्यात बांधून डिकीत ठेवलेत. सगळा खर्च त्या एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी झाला. पण तो कमी झाला याहून, जिथे लावायला हवा होता तिथे तुम्ही तो कमी होऊ दिला नाहीत, याचे मला जास्त मोल आहे. त्यानंतर भर पावसात कणकुंबीचा रस्ता ओलांडून आलो. ब्रेकवरचा 'धप्प' गेलेला आहे आणि वळणावर स्टिअरिंग सरळ उत्तर देते.

मागचे शॉकअब्सॉर्बर आणि बीमचे बुश तुम्ही पुढच्या वर्षी पाहू म्हणून ठेवले आहेत. मागच्या टायरवर हात फिरवून खळगे लागतात का ते अधूनमधून पाहायला सांगितले होते, ते पाहत आहे; अजून काही लागलेले नाही. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की गाडी घेऊन येतो, त्या वेळी मागची बाजू जॅकवर घेऊन तुम्हीच ठरवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक स्विफ्टवाला