स्वतःच्या गाडीचा दिवा मालवायला ओटीपी कशाला? : वायरलेस स्विच बॉक्सबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : गाडीत बसवायच्या आठ चॅनेलच्या ब्लूटूथ स्विच बॉक्सचं अ‍ॅप नेटवर्क नसताना चालत नसल्याबद्दल.

महोदय,

गेल्या दिवाळीत तुमच्या वेबसाइटवरून मी तुमचा आठ चॅनेलचा स्विच बॉक्स, म्हणजे फोनवरून आठ उपकरणं चालू-बंद करायचा डबा, मागवला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. आमच्या बोलेरोच्या टपावरचा लाइट बार, बाजूला बांधायच्या ताडपत्रीखालच्या एलईडी पट्ट्या, मागच्या दारावरचा दिवा, १२ व्होल्टचा छोटा फ्रिज आणि भांडी धुवायला लागणारा पाण्याचा पंप, हे सगळं या एका डब्यावर घेतलं. डॅशबोर्डला भोकं पाडायला नकोत, तंबूत पडल्या पडल्या फोनवरून दिवे लावता-मालवता यावेत, एवढाच हेतू. तुमच्या जाहिरातीतही नेमकं हेच लिहिलं आहे. मुलुंडला घराखाली सगळं छान चाललं. पण मुलुंडमध्ये मला तंबू ठोकायचा नव्हता.

मेअखेरीस आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. तलावाच्या पलीकडच्या अंगाला, गावापासून आत, जिथे फोनवर एकही कांडी दिसत नाही अशी जागा होती. संध्याकाळी स्वयंपाकासाठी ताडपत्रीखालच्या पट्ट्या लावल्या. तोवर अ‍ॅप उघडंच होतं, त्यामुळे काही अडलं नाही. जेवणं उरकून दिवे मालवायला गेले, तर अ‍ॅपवर पाटी आली : ‘तुमचं सेशन संपलं आहे. पुन्हा लॉगिन करा.’ मोबाइल नंबर टाकला. ओटीपी पाठवला आहे म्हणे. कुठे पाठवला? ज्या फोनला नेटवर्क नाही त्या फोनवर. यजमानांच्या फोनवरही तेच. अ‍ॅप काढून पुन्हा टाकावं म्हटलं तर त्यालाही इंटरनेट हवं. डबा माझ्यापासून चार हातांवर, फोन हातात, ब्लूटूथ चालू, आणि दिवे ढणढण जळतायत.

तुम्हाला वाटेल, दिवेच ते, जळले थोडा वेळ तर काय बिघडलं? म्हणून सांगते. काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर पावसाआधीच्या थोड्या दिवसांत लुकलुकतात, आणि ते लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. आसपास पांढरा झगझगीत उजेड असला की ती साद मादीला दिसत नाही आणि जोड्या जुळत नाहीत. त्या भागात वनखात्याची माणसं आणि गावकरी म्हणूनच गाड्यांचे दिवे बंद करायला लावतात. आमच्याबरोबर आलेले गावातले वाटाडे काका आधी दोनदा सौम्यपणे म्हणाले, मग त्यांचा आवाज चढला : ‘‘ओ ताई, ते दिवं मालवा आधी. काजवं जात्यात निघून.’’ मी त्यांना काय सांगू? मुंबईहून ओटीपी यायचाय म्हणून?

शेवटी बॉनेट उघडून, तोंडात टॉर्च धरून, बॅटरीपासून डब्याकडे जाणाऱ्या वायरीवरचा मुख्य फ्यूज उपसला. दिवे गेले. फ्रिजही गेला, कारण तोही याच डब्यावर. मासेमारीबंदीच्या आधीची शेवटची म्हणून घेतलेली, मसाला लावून ठेवलेली सुरमई दुसऱ्या दिवशी दुपारी टाकून द्यावी लागली. तिचा हिशोब मी या पत्रात लावत नाही, पण ती विसरलेलेही नाही.

आता मूळ मुद्दा. मी बेस्टच्या विद्युत पुरवठा विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहे. त्यामुळे रिले, फ्यूज आणि स्विच म्हणजे काय, हे तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने मला फोनवर समजावायची गरज नव्हती. ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही. फोन आणि डबा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर थेट एकमेकांशी बोलतात. फोन सांगतो, ‘तीन नंबर बंद’, डबा तीन नंबरचा रिले, म्हणजे आतला विजेने चालणारा स्विच, सोडतो, दिवा जातो. या सगळ्या वाटेत तुमचा सर्व्हर कुठेच येत नाही. म्हणजे दिवा मालवण्यासाठी लॉगिनची तांत्रिक गरज शून्य आहे. ते तुम्ही मुद्दाम मध्ये आणून बसवलं आहे.

हे ईमेलने कळवल्यावर तुमच्याकडून उत्तर आलं, ते जसंच्या तसं मराठीत देते : ‘कॅम्पिंगला जाताना अ‍ॅप वापरण्यासाठी इंटरनेट जोडणी स्थिर असल्याची खात्री करा.’ तुमच्या डब्याच्या खोक्यावर एक चित्र छापलं आहे. डोंगर, तळं, तंबू, गाडी, वर चांदण्या. त्या चित्रात मला मोबाइल टॉवर कुठे दिसला नाही. सह्याद्रीत चांदण्या दिसाव्यात अशा जागी मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतं किंवा एका दगडावर उभं राहिलं तरच मिळतं. भंडारदरा सोडा, माळशेजच्या आतल्या वाड्यांमध्ये जा, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जा. तुमचा माल ज्या जागी वापरण्यासाठी विकला जातो, नेमका त्याच जागी तो चालत नाही.

लॉगिन सुरक्षेसाठी आहे, असं तुमच्या दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं होतं. म्हणजे गाडीतले दिवे दुसऱ्या कुणी चालू-बंद करू नयेत म्हणून. चांगलं आहे. आता आमच्या सोसायटीतला प्रकार ऐका. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, एकावर एक गाड्या. शेजारच्या विंगमधल्या कॉलेजच्या पोराने त्याच्या गाडीला तुमचाच डबा बसवायचं ठरवलं आणि आधी अ‍ॅप कसं आहे ते बघू म्हणून उतरवून घेतलं. त्याने स्वतःचा नंबर टाकला, स्वतःचा ओटीपी टाकला, आणि अ‍ॅपने त्याला जवळचा डबा शोधून दिला. तो माझा होता. पासवर्ड विचारला तर त्याने चार शून्यं दाबली. रात्री साडेदहाला माझ्या टपावरचा लाइट बार लागला, समोरच्या विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात दिवस उजाडला, आणि सेक्रेटरींचा फोन मला आला. पोरगं घाबरून स्वतःच सांगायला आलं म्हणून कळलं तरी. त्यात आणखी भर म्हणजे त्याचा फोन जोडलेला असेपर्यंत माझ्या फोनला डबा दिसेच ना, कारण तुमचा डबा एका वेळी एकाच फोनशी बोलतो. ज्याने आधी पकडला, गाडी त्याची.

तर तुमच्या लॉगिनचा आणि डब्याचा काहीही संबंध नाही. कुणाचाही नंबर चालतो. डबा कुणाच्या नावावर विकला गेला, हे डब्याला माहीत नाही आणि अ‍ॅपलाही नाही. चार शून्यांचा पासवर्ड बदलायची सोय नाही, माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही. परक्याला अडवायला हे लॉगिन कुचकामी आहे, आणि मालकिणीला जंगलात अडवायला पुरेसं आहे. मग ते नक्की कशासाठी आहे, ते मला लेखी कळवा. नंबर गोळा करण्यासाठी असेल तर तसं स्पष्ट लिहा. लोकेशनची परवानगीही तुम्ही मागता. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनना ब्लूटूथ शोधायला ती द्यावीच लागायची, हे मला मान्य आहे. माझा फोन त्यापुढचा आहे, त्याला तिची गरज नाही. तरी परवानगी नाकारली की अ‍ॅप पुढे सरकत नाही.

आणि हे सगळं टाळायचा सोपा उपाय तुम्हीच बंद करून ठेवला आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ज्याच्याकडून मी वायरिंग करून घेतलं, त्या कारागिराने डबा उलटापालटा करून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला : ‘‘मॅडम, इसमें हाथ का बटन किधर है?’’ नाही, म्हटल्यावर तो म्हणाला, दोन-तीनशे रुपयांत प्रत्येक लाइनला एक साधा स्विच टाकून देतो, फोन बिघडला तरी अडायचं नाही. तुमच्या वॉरंटी कार्डावर लिहिलं आहे की बाहेरचा कुठलाही स्विच जोडल्यास वॉरंटी रद्द. म्हणून मी नको म्हटलं. म्हणजे तुम्ही स्वतः बटण देत नाही आणि दुसऱ्याने दिलेलं लावू देत नाही. ज्या डब्यातून लाइट बार, फ्रिज आणि पंप चालतो त्याला हाताने बंद करायची सोय नसावी, हे मी माझ्या नोकरीत कुठल्याही पॅनलवर खपवून घेतलं नसतं.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की डबा सगळं आपोआप तोडतो, असं तुम्ही लिहिलं आहे. मी घरी मल्टिमीटर लावून बघितलं. ११.७ व्होल्टलाही पट्ट्या जळत होत्या, फोटो जोडला आहे. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी गाडी सुरू होईल की नाही ते याच गोष्टीवर ठरतं, त्यामुळे हा दोष मी किरकोळ समजत नाही. आणि ३० मीटरचा पल्ला म्हणता, तो मैदानात उघड्यावर ठेवलेल्या डब्याचा असेल. तुमचंच माहितीपत्रक डबा बॉनेटखाली बसवायला सांगतं. चहूबाजूंनी पत्रा आल्यावर दहाएक पावलांपलीकडे आदेश पोहोचत नाही.

तुम्ही विचाराल त्याआधीच सांगते : रस्त्यावर लाइट बारवर कायम कव्हर असतं, ते गाडी उभी असतानाच काढतो. आणि डबा तुमच्या माहितीपत्रकातल्या आकृतीबरहुकूम बसवला आहे. वायरीची जाडी, फ्यूजचा अँपिअर, सगळं तेच. फोटो आहेत.

माझी मागणी अशी. अ‍ॅपमध्ये असा बदल करा की डबा एकदा जोडला की त्यानंतर तो इंटरनेटशिवाय, लॉगिनशिवाय चालेल, आणि पासवर्ड मालकाला बदलता येईल. डब्याला वायरने जोडायचं बटणांचं पॅनल मला विनामूल्य पाठवा, ते जोडल्याने वॉरंटी जाणार नाही असं लेखी द्या, आणि कमी व्होल्टेजचा दोष दुरुस्त करून द्या. हे जमत नसेल तर डबा परत न्या आणि डब्याची पूर्ण किंमत व बसवण्याची मजुरी मिळून पैसे परत करा. कुपन किंवा पुढच्या खरेदीवर सवलत नको आहे. पुढची खरेदी होणार नाही.

माल तुमच्याच वेबसाइटवरून घेतला असल्याने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तुम्हाला लागू आहेत. त्यानुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आहे आणि महिन्याभरात निवारण करायचं आहे. याआधीच्या ईमेलना फक्त यंत्राने पाठवलेलं ‘आपण आमच्यासाठी मौल्यवान आहात’ येत राहिलं, ते मी पोच समजत नाही. महिन्याभरात काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे म्हणून मला तिकडे यावं लागेल, असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. खोक्यावरच्या चित्राचा आणि त्याखालच्या ‘कुठेही, कधीही नियंत्रण’ या ओळीचा फोटो तक्रारीला जोडेन. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, ते त्याच कायद्यात लिहिलं आहे.

उत्तर मराठीत दिलंत तर उत्तम, इंग्रजीतही चालेल. फक्त ते माणसाने लिहिलेलं असावं आणि खाली जबाबदार व्यक्तीचं नाव असावं. पाऊस ओसरला की सप्टेंबरात आम्ही पुन्हा निघणार आहोत. तोवर पॅनल तरी आलेलं असू द्या, नाहीतर पैसे.

आपली,
(सही)
मुलुंड (पूर्व), मुंबई