डॉक्टर मॅडम, आधी ओठांना व्हॅसलीन लावलंत त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार. ओळखलंत का माहीत नाही, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आलो होतो बघा, सात वर्षांचा पोरगा, माकडटोपी घातलेला, ब्लड कॅन्सरची केमो चालू.

केमो घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून परत आलो की आठवडाभरात तोंड यायचं त्याचं, आणि ते आपल्याला येतं तसं नाही हो, जीभ, गाल, पार घशापर्यंत सोललेलं, थुंकी गिळतानाही रडायचा. शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर वाढलेलं पोर, पाण्याचा घोट घेईना. त्यात एक दाढ किडलेली. केमो सुरू व्हायच्या आधीच दात दाखवून घ्यायचे असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याआधी दोन ठिकाणी फिरलो, एकांनी फाइल बघूनच अशा केसेस घेत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसरे लगेच दाढ काढायला निघाले, प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी किती, एका शब्दानं विचारलं नाही, वर म्हणे लाडावलाय, नाटकं करतोय. ते मी विसरू शकत नाही.

तुम्ही त्याला तोंड उघड म्हणालाच नाहीत. ओठ फाटून कोपऱ्यात रक्त सुकलेलं, ते बघून ग्लोव्हज घातलेल्या करंगळीनं हळूच व्हॅसलीन लावलंत आणि ओठ मऊ होईपर्यंत त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिलात, बाहेर पेशंटची रांग असताना. जत्रेतल्या पाळण्यात बसलास का विचारलंत, तो म्हणाला मला गर्दीत जायचं नाही, तुम्ही म्हणालात मला पण नाही मिळालं रे जायला. आणि मग त्यानं आपणहून तोंड उघडलं. महिन्याभरात पहिल्यांदा. मी तिथेच रडले, सॉरी.

नंतर मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, जिभेवरच्या पांढऱ्या बुरशीवर औषध, आणि दाढ काढलीत ती रक्तातल्या पेशींचा काउंट वर आल्यावरच, तेही मुंबईच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून. सगळ्याचे उपकार आहेतच. पण खुर्चीत दाढ नाही, एक घाबरलेलं लेकरू बसलंय हे तुम्हाला पहिल्या मिनिटात दिसलं, असं दिसणारी माणसं आम्हाला या दीड वर्षात फार कमी भेटली.

आता दुधात भाकरी कुस्करून खातो, तिखट अजून सोसत नाही. ब्रशच्या शेजारी व्हॅसलीनची डबी त्यानंच ठेवलीय, परवा माझे ओठ फुटलेले बघून करंगळीनं लावून दिलं आणि म्हणाला, आई, आता थोडा वेळ बोलू नको.