पोफळी तोडून मोटारी लावायच्या का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलिबागला प्रवासी रेल्वे हवी, ही मागणी आता जुनी झाली. दर निवडणुकीत रेल्वे अलिबागला येते आणि निकाल लागला की पुन्हा पेणला जाऊन थांबते. हे आम्हाला पाठ आहे. तरी लिहिते आहे, कारण या मागणीमागचे माझे कारण कुणाच्या भाषणात मी ऐकलेले नाही.

माझे घर नागावला, वाडीत. मागच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो आणि जेवण घरचेच असते. पूर्वी फोन आला की पहिला प्रश्न असायचा, 'समुद्र किती लांब?' मग 'मासे मिळतील ना?' थंडीत पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, चौकशी. आता पहिला प्रश्न एकच, 'गाडी लावायला जागा आहे ना?' तीन खोल्यांना तीन गाड्या, कधी कधी पाच. गल्ली एवढी अरुंद की समोरून बैलगाडी आली तरी पूर्वी कुणीतरी एकाने मागे सरायचे. गाड्या शेवटी वाडीतच येतात. वाडीत पोफळी आहेत, त्यामुळे पोफळी जातात.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमची अर्धी वाडी आडवी झाली. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षे जातात, म्हणजे तेव्हा लावलेली रोपे आत्ता कुठे हाताशी येताहेत. आणि वादळाने जी जुनी झाडे सोडली, ती आम्हीच पार्किंगसाठी तोडतो आहोत. शेजारच्या दोन वाड्यांत आता खडी पसरली आहे. त्यांना मी नावे ठेवत नाही. जागा नाही म्हटले की पाहुणा पुढच्या घरी जातो.

वडखळ ते अलिबाग रस्ता रुंद करा, असे सगळेच म्हणतात. करा ना. सलग सुट्ट्या आल्या की तेवीस-चोवीस किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात. 'काकू, अजून पोयनाडलाच आहोत' असा फोन येतो, तासाभराने 'कार्लेखिंडीत आहोत' असा दुसरा, आणि मी वाढलेली ताटे पुन्हा झाकून ठेवते. पण रस्ता चौपदरी झाला तरी त्यावरून येणारी मोटार शेवटी आमच्याच गल्लीत शिरणार. पाहुणा मोटारीशिवाय आला, तरच आमची वाडी वाचते.

त्यासाठी नवा मार्ग टाकायला नको, ही खरी गोष्ट. थळच्या आरसीएफ खत कारखान्यासाठी पेणहून रूळ टाकलेले आहेत, ऐंशीच्या दशकातले. त्यांवरून खताच्या मालगाड्या जातात. खाडीवरचा पूल आहे, जमीन घेऊन झाली आहे. ज्यांच्या शेतांतून हे रूळ गेले, ती माणसे इतकी वर्षे दारासमोरून युरिया जाताना पाहतात आणि स्वतः पेणला जायला एसटीची वाट बघतात. त्या मार्गाला मी बंद म्हणणार नाही. माणसांसाठी मात्र तो कधी उघडलाच नाही.

कामे आहेत, ती नाकारायची नाहीत. फलाट नाहीत, फाटकांची सोय वाढवावी लागेल, सिग्नल लागतील आणि प्रवासी बसण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी व्हावी लागेल. (हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, ते ठीकच आहे, आपली परीक्षा आपण तपासू नये.) पण या कामांसाठी आम्हाला वंदे भारतची स्वप्ने कशाला? तीन-चार डब्यांची साधी डिझेल गाडी, पेण ते थळ, दिवा–रोहा गाड्यांच्या वेळा पाहून सोडलेली, एवढ्यानेही सुरुवात होईल.

डिझेल म्हणण्याला आणखी एक कारण आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा इथे का आली? मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेच्या नोंदी बिघडणार म्हणून 1904 साली ती इथे हलवली. तिच्या मागोमाग वीजगाडी इथेही आणायची असेल, तर आधी वेधशाळेतल्या लोकांना विचारावे.

थळहून अलिबाग एसटी स्टँड पाच-सहा किलोमीटर. हा तुकडा नीट जुळवला नाही, तर गाडी रिकामी धावेल आणि 'बघा, लोकांना नकोच होती' असे म्हणायला सगळे मोकळे. मांडव्याला लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस मिळते. तसेच इथे करावे, एक तिकीट आणि दारात उभी बस. पुढे नागाव, आक्षी, वरसोलीला मिनीडोर रिक्षा आहेतच. त्यांच्या पोटावर पाय येत नाही, उलट फेऱ्या वाढतील.

समुद्रमार्ग आहे, मग रेल्वे कशाला, असेही कुणी म्हणते. लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो बोट मोटारीही आणते; जो मोटार घेऊन येतो, आमच्या पोफळींच्या दृष्टीने तो रस्त्याने आला काय नि बोटीने आला काय! शिवाय कल्याण-डोंबिवलीच्या कुटुंबाला आधी भाऊच्या धक्क्याला जाऊन बोट पकडायला सांगणे म्हणजे हात फिरवून घास खाणे झाले. आणि पर्यटकांचे सोडा. पनवेलला कॉलेजला जाणारी आमची मुले, मुंबईच्या इस्पितळात तारखा असलेली म्हातारी माणसे, यांना ती गाडी रोज लागेल. शनिवार-रविवारची गर्दी तिचा खर्च काढील.

खासदार-आमदार, रेल्वे आणि कारखाना यांनी एकत्र बसून निदान चाचणी फेरीची तारीख द्यावी. मुलाने परवाच वाडीतल्या आणखी चार पोफळींना चुन्याची खूण केली. त्याला मी दिवाळीपर्यंत थांब म्हटले आहे.

आपली,
एक वाचक,
नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड