आज वाटेत काय दिसलं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा, तुम्ही विचारलंत, "गाडी दारात उभी असताना ऑफिसला बर्फातून ही पायपीट कशासाठी?" आणि मागून आईचा आवाज आला, "घसरून पडली तर उचलायला कोण आहे तिथे?" मी "काळजी करू नका" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागून राहिली. इतकी मनापासून आवडलेली गोष्ट, आणि तीच तुम्हाला धड सांगितली नाही. म्हणून हे पत्र, निवांत बसून लिहितेय.

लहानपणी मी शाळेतून आले की बाबा, तुम्ही अभ्यासाचं नंतर विचारायचात. पहिला प्रश्न ठरलेला: "आज वाटेत काय दिसलं?" तुम्हाला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी डोळे उघडे ठेवून चालायचे. गाडी घेतल्यापासून त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच उरलं नव्हतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे, एवढंच दिसायचं. हिवाळ्यात तर त्यापलीकडे नजर जाणं धोक्याचंच.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती, आता सांगते. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी उतारावर मी हळूच ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. पायाखाली ब्रेक थरथरत होता, चाकं अडत होती, तरी गाडी आपली शांतपणे घसरत पुढे चालली होती. पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर ती थांबली. कुणाला काही झालं नाही. पण गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकतं, हे वाचलेलं वाक्य त्या दिवशी अंगात शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली हातात घेतली, काचेवरचा बर्फ खरवडायला सुरुवात केली, आणि अर्ध्यातच थांबून चालत निघाले.

निघाले ती भीतीपोटी, हे खरं. पण आठवड्याभरात भीती कुठल्या कुठे गेली आणि ओढ उरली. ऑफिस अडीच किलोमीटरवर आहे. बर्फात चालत पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. गाडीनं दहा, पण छतावरचा बर्फ झाडा, काचा खरवडा, इंजिन तापू द्या, पोचल्यावर जागा शोधा, हे धरलं तर फार फरक पडत नाही.

तर बाबा, वाटेत काय दिसलं ते सांगते. त्याआधी काय ऐकू आलं, किंवा आलं नाही, ते सांगते. कारण ताज्या बर्फात सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. रात्रभर बर्फ पडून गेल्यावर सकाळी दार उघडलं की जग कुणीतरी रजईत गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं. त्यालाही कारण आहे. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ बहुतेक हवाच असतो, कधी कधी नव्वद टक्क्यांहूनही अधिक. कण एकमेकांवर सैलसर रचलेले, मध्ये असंख्य बारीक पोकळ्या. आवाज त्या पोकळ्यांत शिरतो आणि तिथेच जिरतो. दोन-चार दिवसांनी बर्फ दबून वरून कडक झाला की हेच उलटं होतं, आवाज पृष्ठभागावरून परत फिरतो आणि लांबचं बोलणंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे एकाच रस्त्याला सोमवारी एक कान आणि शुक्रवारी दुसरा. काचा लावून, हीटर सुरू करून जाणाऱ्याला यातलं काही कळत नाही. मलाही इतकी वर्षं कळलं नव्हतं.

मग स्वतःच्या पावलांचा आवाज. आई, तुला हा आवाज फार आवडेल. थंडी जेमतेम शून्याच्या खाली असते तेव्हा बर्फ पायाखाली मुकाट दबतो, ओल्या कापडासारखा. साधारण उणे दहाच्या खाली पारा गेला की मात्र तो बोलायला लागतो. कण कोरडे आणि कडक राहतात, बुटाखाली मोडतात, एकमेकांवर घासतात आणि करकर, करकर असा आवाज येतो. थंडी जितकी जास्त तितका तो टिपेला जातो. आता मला निघताना तापमान बघावं लागत नाही. पहिल्या दहा पावलांत अंदाज येतो.

बर्फाचे प्रकारही आता पाय ओळखतात. आपण सगळ्याला बर्फच म्हणतो, पण एक पिठासारखा असतो, फुंकर मारली तर उडणारा. एक ओला, जड, बुटाला गोळे करून चिकटणारा. एक रवाळ, साखरेसारखा, पाऊल मागे सरकवणारा. एकावर वरून पापुद्रा धरलेला असतो, क्षणभर वजन पेलतो आणि मग पाय खचकन आत जातो. आणि एक काचेसारखा, इतका पातळ की खालचा काळा रस्ता आरपार दिसतो. तो शेवटचा तेवढा वैरी. बाकीच्यांशी माझं छान जमलं आहे.

बाहीवर पडलेली चांदणी तर मी दर वेळी थांबून बघते. गडद निळा कोट मुद्दाम त्यासाठी घालते. श्वास रोखून धरायचा, नाहीतर ती वितळते. सहा हात, कधी पानांच्या शिरांसारखे फुटलेले, कधी साध्या सहाकोनी चकत्या, कधी नुसत्या सुया. बाबा, तुम्हाला केप्लर माहीत आहे, ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारा. तोसुद्धा प्रागमध्ये पुलावरून असाच चालत निघाला होता. आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट काय द्यावी या विचारात असताना त्याच्या कोटावर हिमकण पडले. प्रत्येकाला सहाच कोन का, पाच का नाहीत, सात का नाहीत, या प्रश्नावर त्यानं छोटीशी पुस्तिका लिहिली आणि तीच भेट म्हणून दिली. ती १६११ साली छापली गेली. उत्तर त्याला पूर्ण सापडलं नाही, तसं त्यानं मान्यही केलं. गोठताना पाण्याचे रेणू सहाकोनी मांडणीत बसतात हे स्पष्ट व्हायला त्यानंतर तीनशे वर्षं जावी लागली. मला मात्र त्या उत्तरापेक्षा तो पुलावर थांबून बाही निरखणारा माणूस जवळचा वाटतो. बग्गीत बसून गेला असता तर?

जपानमध्ये उकिचिरो नाकाया नावाचे शास्त्रज्ञ होते. होक्काइदोला त्यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसाच्या टोकावर. तापमान आणि दमटपणा बदलला की आकार कसा बदलतो याचा त्यांनी तक्ताच मांडला. उणे पाचच्या आसपास सुया आणि खांब होतात, उणे पंधराच्या आसपास ओल भरपूर असली तर फांद्या फुटलेल्या मोठ्या चांदण्या. म्हणजे बाहीवर जे पडलं त्यावरून वर ढगात काय चाललंय ते ओळखता येतं. मी रोज ताडून बघते आणि खूपदा जमतं.

जमिनीवर आणखी एक वाचन चालू असतं, ते पाऊलखुणांचं. चिमण्या टुणटुण उड्या मारतात म्हणून त्यांच्या खुणा जोडीजोडीनं. कावळा चालतो, म्हणून त्याच्या एकाआड एक. सशाचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे तो कुठल्या दिशेला गेला हे मी पहिले काही दिवस बरोबर उलटं वाचत होते. खारीच्या खुणा एका झाडापासून सुरू होतात आणि दुसऱ्या झाडाशी संपतात. परवा कुंपणाजवळ एक बारीक रेघ निघाली होती, शिवणकामातल्या धाव-टाक्यासारखी, आणि ती एका इवल्याशा भोकापाशी संपली. उंदीर असणार. बर्फाचा थर जाड असला की वर हवा कितीही गोठवणारी असो, खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपासच राहतं आणि हे जीव तिथे बोगदे करून हिवाळा काढतात. आपण ज्याला थंड म्हणतो तेच त्यांचं पांघरूण. त्या भोकाजवळ मी बराच वेळ उभी होते. ऑफिसला उशीर झाला, पण झाला.

आणि निळा रंग. चांगला दोन फूट बर्फ साठला असेल तिथे काठी सरळ आत खुपसायची, काढायची आणि भोकात डोकवायचं. तळाशी फिकट निळा उजेड दिसतो. बर्फ लाल प्रकाश थोडा जास्त शोषतो, आत खोलवर जाऊन परत येणाऱ्या उजेडात निळाच शिल्लक राहतो, इतकं साधं आहे. पण पहिल्यांदा दिसला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसले होते आणि तुम्हा दोघांना हाक मारावीशी वाटली होती.

आता आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घसरण्याचं. मी पाऊल छोटं टाकते, अख्खा तळवा एकदम टेकवते, वजन पुढच्या पायावर ठेवते. पेंग्विन चालतो तसं. हात खिशात कधीच नाहीत, तोल जाताना हातच सावरतात. काचेसारखा बर्फ असेल त्या दिवशी बुटांना खिळ्यांची पट्टी चढवते. पदपथावर मीठ टाकलेलं असतं, पण उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही, तेव्हा जिथे वाळू पसरली आहे तिथूनच जाते. अंधार असला की अंगावर चकाकणारा पट्टा, म्हणजे गाडीवाल्यांना मी लांबून दिसते.

कपडे तीन थरांत. आत घाम शोषून बाहेर टाकणारं, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं. सुती काहीच नाही, कारण सुती कापड घामानं भिजलं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. निघताना थोडं गार वाटायला हवं, म्हणजे दहा मिनिटांत बरोबर होतं. पायात तू विणलेले लोकरी मोजे. टाचेशी विरले होते, मी रफू केले आहेत. टाके तुझ्यासारखे आले नाहीत, पण टोचत नाहीत.

वाऱ्याचं मात्र मी ऐकते. उणे दहा अंश आणि ताशी तीस किलोमीटर वारा असला की उघड्या चामडीला ते उणे वीससारखं लागतं. तशा दिवशी नाकातोंडावर रुमाल, आणि वादळाचा इशारा असेल तर चालणं नाही, गाडीही नाही, घरूनच काम. हट्ट करत नाही, शब्द देते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात संथ. बाबा, तुम्ही फावड्याचं विचारलं होतंत: ओला जड बर्फ घाईघाईनं उपसण्यात हृदयावर जो ताण येतो तो चालण्यापेक्षा कितीतरी जास्त. मी थोडा थोडा, ढकलत काढते.

काल रात्री परत येताना पुन्हा बर्फ पडायला लागला. वारा अजिबात नव्हता. रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबून वर पाहिलं की कण आपल्याकडे येत नाहीत, आपणच वर चाललोय असं वाटतं. रात्र असूनही अंधार नव्हता. ताजा बर्फ पडलेला उजेड बहुतेक सगळा परत फेकतो, ढग तो पुन्हा खाली पाठवतात, आणि मध्ये सगळं मंद, दुधी. रस्त्यानं एक काका येत होते, हातात काठी, तुमच्याच वयाचे. ओळख नाही, पण पायवाट अरुंद होती म्हणून मी बाजूला खोल बर्फात उभी राहिले आणि त्यांना वाट दिली. ते थांबले, वर बघितलं, मग माझ्याकडे बघून हसले, आणि दोघंही काही न बोलता थोडा वेळ तसेच उभे राहिलो. गाड्यांतून जाताना आम्ही एकमेकांना नुसते दोन दिवे दिसलो असतो.

बाबा, मला तेव्हा तुमची फार आठवण आली. गुडघा दुखायला लागल्यापासून तुम्ही संध्याकाळचं फिरणं बंद केलंत, असं आई म्हणाली. डॉक्टरांनी चालू नका असं सांगितलंय, की तुम्हीच ठरवलंत? तसं सांगितलं नसेल तर आईला बरोबर घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन या. बाकी काही नको. आल्यावर मला फोनवर वाटेत काय दिसलं ते सांगा. इतकी वर्षं तुम्ही विचारत होतात, आता मी विचारणार.

गुरुवारी सकाळी उणे चौदा सांगितलं आहे, वारा नाही. मी निघाल्यावर फोन लावते. आई, तू स्पीकर सुरू कर आणि बाबांना जवळ बसव. मी काही बोलणार नाही, फोन बुटांजवळ धरून नुसती चालेन. करकर ऐकू येते का ते सांगा.

तुमची,
लेक