कापणी ते मळणी, मधले दहा दिवस: कृषीमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषीमंत्री, कर्नाटक सरकार,
विधानसौध, बेंगळुरू

विषय: परतीच्या पावसात कापलेल्या पिकाचे होणारे नुकसान आणि सुगीआधी करायची तयारी

महोदय,

सविनय नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात शेतकऱ्याच्या हाती वर्षाचे काय लागणार, हे हस्त, चित्रा आणि स्वाती या तीन नक्षत्रांत ठरते. साधारण 27 सप्टेंबर ते 5 नोव्हेंबर हा तो काळ. याच दिवसांत सोयाबीन काढायचे, भुईमूग उपटायचा, बटाटा आणि रताळी खणायची, लवकर येणारे हळवे भात कापायचे आणि पूर्वेकडच्या रानात जोंधळा पेरायचा. पेरणीच्या वेळी बियाणे-खतांच्या आढावा बैठका होतात, महापुराच्या वेळी मंत्री बांधावर येतात. पीक कापून रानात पडलेले असते, त्या दहा-बारा दिवसांची मात्र कुठल्याच खात्याकडे तयारी नसते. आमचे सगळे मागणे त्या दिवसांपुरते आहे.

जून ते ऑगस्टचा पाऊस पश्चिमेकडून येतो. कणकुंबी-जांबोटीला कोसळतो आणि रायबाग-अथणीकडे जाईपर्यंत विरतो. त्याचा अंदाज बांधता येतो. परतीच्या पावसाची चाल वेगळी असते. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोननंतर उगवतीकडून ढग, चारच्या सुमारास गडगडाट, आणि तासाभरात शेताला तळ्याचे रूप. एका गावाच्या शिवारात बांध फुटतात आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पश्चिमेकडे सरकला, तर हेच तीन-चार दिवस सलग चालते. 2019 आणि 2020 चा ऑक्टोबर, 2021 चा नोव्हेंबर आठवून पाहावा. तेव्हा पिकले नव्हते असे नाही. पिकलेले घरी आणता आले नाही.

सोयाबीनचेच घ्या. पाने गळून 95 टक्के शेंगा तपकिरी झाल्या की काढणी आठवडा-दहा दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. जे.एस. 335 सारखे जुने वाण त्यानंतर उभ्यानेच तडकू लागते. दुपारी ऊन आणि संध्याकाळी सर असे दोन-तीनदा झाले की टरफल फुगते, पुन्हा आक्रसते, शिवण उकलते आणि दाणा मातीत जातो. म्हणून शेतकरी घाईने कापतो. कापतेवेळी दाण्यात 15 ते 17 टक्के ओल असते. दोन-तीन चांगली उन्हे मिळाली तर ती 13-14 वर येते आणि मळणी नीट होते. मध्येच ढग आले तर ढीग घालून वर ताडपत्री ओढण्याखेरीज इलाज नसतो. दुसऱ्या दिवशी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत गरम वाफ लागते, दाणा दोन बोटांत दाबला की साल निसटते आणि खालच्या थरातल्या शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले असतात. असा दमट माल मळणी यंत्रात बेताच्या वेगावर चालवावा लागतो. भाड्याच्या यंत्रामागे दहा शेतकरी रांगेत असतात, म्हणून वेग वाढवला जातो आणि निम्म्या मालाची डाळ होते.

एवढे करून माल हमीभाव केंद्रावर नेला तर 12 टक्क्यांवर ओल चालत नाही. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, पण निर्णय नोव्हेंबरच्या मध्याला आला. ज्याला दसरा-दिवाळीची देणी भागवायची असतात, त्याचे सोयाबीन तोवर व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेले असते. ही सवलत खरेदी सुरू होण्याआधीच जाहीर व्हावी, यासाठी राज्याने सप्टेंबरमध्येच केंद्राकडे पाठपुरावा करावा. तांबेरा रोगाला दाद न देणारे डी.एस.बी. 21 हे वाण धारवाडच्या कृषी विद्यापीठाने दिले आहे. कृष्णा खोऱ्यात तांबेरा नेहमीचाच, तेव्हा कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांत जुन्या वाणांच्या पोत्यांऐवजी हे बियाणे पुरेसे ठेवावे.

भाताचे नुकसान ओळखायला अवघड, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या काळ्या रानात बासमती आणि इंद्रायणी पिकते. ही सुवासिक वाणे उंच वाढतात आणि लोंबी भरली की वाऱ्या-पावसात आडवी होतात. पाण्यात लोळलेल्या लोंबीला तीन-चार दिवसांत कोंब फुटतात. हे कुणालाही दिसते, त्याचा पंचनामाही होतो. दुसरे नुकसान दिसत नाही. दाण्यात 20-22 टक्के ओल असताना भात कापतात, दोन-तीन दिवस रानातच पसरून सुकवतात आणि मग भारे बांधून गंजी घालतात. सुकत आलेल्या दाण्यावर पुन्हा पाऊस पडला की बाहेरचा थर पाणी पिऊन फुगतो, आतला गाभा कोरडाच राहतो आणि दाण्याला आडवी चीर जाते. वरून पाहिले तर भात सोनेरी आणि वजनालाही पुरे असते. गिरणीत घातले की अर्धी कणी निघते. बासमतीला भाव असतो तो अखंड तांदळाला. कणीला कोण विचारतो? आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तेही 33 टक्क्यांवर नुकसान आणि दोन हेक्टरांची मर्यादा असे धरले होते. चीर गेलेल्या दाण्याचे नुकसान त्या 33 टक्क्यांत मोजलेच जात नाही.

आता पीकविम्याकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. पंतप्रधान पीकविमा योजनेत कापणीनंतरच्या नुकसानीला 14 दिवसांपर्यंत संरक्षण आहे. पण ते शेतात पसरलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधून सुकायला ठेवलेल्या पिकाला. एका जागी गंजी किंवा ढीग घातला की ते पीक संरक्षणाबाहेर जाते. पाऊस येताना दिसला की कोणताही शहाणा शेतकरी पीक गोळा करून झाकतो. विम्याच्या लेखी मात्र त्याने ते पसरलेलेच ठेवायला हवे होते. माल वाचवण्याची धडपड केली म्हणून भरपाई बुडावी, हा कसला न्याय? शिवाय पीक कापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. त्या दिवशी उतारा चांगला भरला तर गावाचे उत्पन्न चांगले असे कागदावर येते, मग आठवड्याने तेच भात रानात कुजले तरी आकडा बदलत नाही. मळणी होईपर्यंत, म्हणजे कापणीपासून 14 दिवस, शेतातल्या ढिगालाही संरक्षण मिळावे, अशी दुरुस्ती राज्याने केंद्राकडे आग्रहाने मागावी. ऑक्टोबरचा पाऊस अवकाळी की हंगामी, या वादात दावे अडकू नयेत म्हणून राज्याच्या अधिसूचनेत या काळाच्या तारखाच लिहाव्यात. ढग एका शिवारावर फुटतो, म्हणून पुरावा ग्रामपंचायतीच्या पर्जन्यमापकाचा धरावा, होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या गावांच्या गटाच्या, सरासरीचा नको. राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींत ही यंत्रे बसवलेली आहेत. त्यांच्या नोंदी दाव्याला आपोआप जोडता येतील.

बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या भाताचा प्रश्न याच जातीचा. गाळ आणि जलपर्णीने नाला तुंबतो आणि पाणी शिवारात पसरून राहते. भात पाण्याखाली जाणे हे कारण 2018 मध्ये स्थानिक आपत्तीतून वगळले गेले होते, ते खरीप 2026 पासून पुन्हा घेण्याचे केंद्राने जाहीर केले. हे चांगले झाले. पण नाला एप्रिल-मे महिन्यात उपसला तर भरपाई मागायची वेळच कमी येईल.

यंत्रांबद्दल. टायरवर चालणारे हार्वेस्टर काळ्या ओल्या रानात रुतते. आम्हाला चेनवर चालणारी यंत्रे हवीत, आणि ती भाड्याने यंत्रे देणाऱ्या कृषी यंत्रधारे केंद्रांत 13 सप्टेंबरपूर्वी उभी असावीत. प्रत्येक होबळीला निदान एक फिरते वाळवणी यंत्र द्यावे. 20 टक्के ओलीचे भात 14 वर आणून दिले की गंजीचा धोकाच टळतो. प्रत्येक रयत संपर्क केंद्रात ओल मोजायचे यंत्र शेतकऱ्याला वापरता येईल असे ठेवावे, म्हणजे व्यापाऱ्याच्या काट्यावर तोंडाने सांगितलेली ओल मान्य करावी लागणार नाही. सवलतीची ताडपत्री सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हाती पडावी. ती नोव्हेंबरात मिळाली तर पुढच्या वर्षापर्यंत उंदीर कुरतडतात.

हार्वेस्टरने भात वाचते, पण पिंजराचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, तुकडे होऊन ते चिखलात मिसळते. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत त्याला लांब पिंजर धान्याइतकेच मोलाचे. गंजी भिजून बुरशी धरली की ते जनावराला घालू नये: दूध आटते, पोट बिघडते, गाभण म्हैस गाभडण्याची भीती असते आणि बुरशीचे विष दुधातही उतरते. पिंजर नुसते ओले आहे, बुरशी अजून धरलेली नाही, तोवर ते वाचवता येते. 100 किलो वाळलेल्या पिंजराला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने हवाबंद करायचे आणि 21 दिवसांनी उघडायचे. पिंजर आधीच ओले असेल तर पाणी त्या मानाने कमी. घालण्याआधी तासभर वाऱ्यावर पसरायचे, म्हणजे उग्र वास जातो, आणि सहा महिन्यांखालच्या वासरा-रेडकांना ते द्यायचे नाही. पशुसंवर्धन खात्याने हे प्रात्यक्षिक प्रत्येक दूध संघाच्या गावी सुगीआधी करून दाखवावे. खर्च फक्त युरिया आणि प्लास्टिकचा आहे.

भातखाचरांच्या कडेला या दिवसांत गोगलगायी वाढतात. त्या गवतावर चरलेल्या जनावरांत चपट्या कृमींची लागण होते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले जंताचे औषध चुकवू नये. ऊन वाढले की गोचीडही फोफावतो. लाळ्या-खुरकूताच्या लसीची फेरी साखर कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी संपली पाहिजे. बीड आणि विजापूरकडून तोडणी टोळ्या बैल घेऊन येतात आणि एकाच पाणवठ्यावर आमची जनावरे त्यांच्यात मिसळतात. येणाऱ्या बैलांनाही तळावरच लस द्यावी. ती जबाबदारी कारखान्यांवर सोपवता येईल.

उसाचे थोडक्यात: रानात पाणी असेल तर गाडी आत जात नाही, आडव्या उसाची तोड लांबते आणि तोडून पडलेला ऊस दररोज वजन व साखर गमावतो. पाणंद रस्त्यांवर मुरूम पडला तरी यातले बरेच निभावते.

रब्बीचे गणितही याच पावसावर. जोंधळ्याची पेरणी 15 ऑक्टोबरच्या पुढे गेली की उतारा घटतो. भातानंतरच्या ओलीवर आमच्याकडे मसूर, वाटाणा, हरभरा होतो. कापलेले भात वेळेत रानातून उठले नाही तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जातो आणि बियाणे कोरड्या ढेकळांत पडते. खरिपाचे भिजले म्हणून रब्बीही गेले, असे एका आठवड्यात घडते.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तोही कामापुरता. नुकसान झाल्यापासून 72 तासांत विम्याची सूचना द्यावी लागते. वादळी पावसाचा इशारा, विम्याचा अर्ज आणि पंचनाम्याचा कागद केवळ कन्नडमध्ये असेल तर खानापूरच्या एखाद्या वाडीतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे पहिले 24 तास तो वाचून देणारा माणूस शोधण्यात जातात. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व 1956 पासून मान्य आहे. कन्नडबरोबर मराठीतही, मोबाइलवर आणि पंचायतीच्या भोंग्यावर, दुपारी बाराच्या आत इशारा मिळाला तर पसरलेले भात गोळा करायला तीन-चार तास मिळतात.

विधिमंडळाचे आमच्याकडचे अधिवेशन बहुधा डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते. तेव्हा हलगा-बस्तवाडच्या शिवारातली सुगीही उरकलेली असते आणि नुकसानही होऊन गेलेले असते. म्हणून या सगळ्याचा निर्णय ऑगस्टअखेर व्हावा, आणि यंत्रे, ताडपत्री, लस व अधिसूचना उत्तरा नक्षत्र लागण्याआधी, 13 सप्टेंबरपर्यंत गावात पोचावी, एवढी विनंती.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व हुक्केरी तालुक्यांतील शेतकरी आणि पशुपालक